काचवाल्याच्या पिकअपचं अ‍ॅव्हरेज

काचवाल्याची पिकअप लिटरला चौदा किलोमीटर जायची, ती दहावर आली. आधी त्याने पंपावर संशय घेतला आणि पंप बदलला. मग रस्त्यांवर घेतला, पण रस्ते बदलणं त्याच्या हातात नव्हतं. माणसावर संशय घ्यायची पाळी सगळ्यात शेवटी आली, कारण गाडी चालवणारा माणूस म्हणजे त्याचा मेहुणा होता, आणि मेहुण्याला काही विचारायचं तर आधी बायकोच्या नजरेला नजर द्यावी लागणार होती.

दुकान खाली आणि घर वर, असा त्यांचा संसार. काचा आणि आरसे कापून घरोघर पोचवायचा धंदा. सकाळच्या खेपा आटोपून मेहुणा दुपारी जेवायला यायचा, पिकअप दुकानामागच्या अंगणात उभी राहायची, आणि काचवाला त्या वेळात स्कूटर घेऊन नव्या कामांची मापं घ्यायला जायचा. मेहुणा गाडी चालवायचाही अशी, की मागे आरसे नसून झोपलेली बाळं आहेत. अशा हातात अ‍ॅव्हरेज वाढायला हवं होतं, आणि नेमकं तेच काचवाल्याला खुपत होतं.

मेकॅनिकने एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, चाकं मोकळी फिरतात का ते हाताने फिरवून बघितलं, टायरमध्ये हवा भरली. अ‍ॅव्हरेज दहावरून हललं नाही.

"गाडीत काही नाही," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "आता गाडीबाहेर बघा."

"म्हणजे कुठे?"

"ते मी कसं सांगू? तुमच्या घरातला माणूस आहे."

झालं. संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की ते आपल्या पायांनी उतरत नाही. काचवाला चार-पाच दिवस स्वतः मेहुण्याच्या शेजारी बसून फिरला. डबा बरोबर घ्यायचा, दुपारी कुठेतरी सावलीत गाडी लावून जेवायचं, संध्याकाळी घरी. अ‍ॅव्हरेज थेट चौदावर गेलं. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता, काचवाल्याचा चेहरा मात्र काळवंडला. आपण सोबत असलो की डिझेल पुरतं आणि नसलो की संपतं, याचा अर्थ लहान मूलही सांगेल. त्या दिवसांत घरी त्याचे आई-बाबाही जरा घुसमटल्यासारखे दिसत होते. उकाड्याने असेल, म्हणून त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

त्याने डिझेलच्या टाकीला कुलूप बसवलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. मेहुण्याने कुलूप बघितलं, काचवाल्याकडे बघितलं, आणि गाडी सुरू केली. बायकोने गॅलरीतून दोघांकडेही बघितलं.

इतर कुठल्याही घरात यानंतर भांडी आपटली असती. पण या घरात आवाज चढवायचा नाही, असा नियम होता. सून घरात आली त्या दिवशीच सासूने तिला तो सांगितला होता आणि वर स्वतःचा दाखला दिला होता: "आमचा एवढा संसार झाला, पण यांचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकलेला नाही, आणि माझा यांनी." त्यामुळे बायकोने भांडण केलं नाही, अबोला धरला. समोर बसलेल्या नवऱ्याशी ती सासूमार्फत बोलू लागली.

"आई, ह्यांना भात वाढू का विचारा."

"वाढ म्हणावं," काचवाला ताटाकडे बघत म्हणायचा.

"असं करू नये गं," सासू समजुतीने सांगायची. "मनात काही ठेवू नये. आमच्याकडे बघा." बाबा गंभीरपणे मान डोलवायचे.

काचवाल्याचा बायकोवर फार जीव होता आणि तो अबोला त्याला सोसवत नव्हता. तिने चार शब्द सुनावले असते तरी बरं वाटलं असतं. पण हे म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता. त्यातून टाकीला कुलूप असूनही अ‍ॅव्हरेज नऊवर आलं. मेहुणा कुलूप न उघडता डिझेल कसं काढतो, या विचाराने काचवाल्याची झोप उडाली, आणि खरं सांगायचं तर मेहुण्याच्या हुशारीबद्दल त्याला थोडा आदरही वाटू लागला. महिनाअखेरीस त्याला कामावरून काढायचं, असं त्याने ठरवलं. त्यानंतर बायको आपल्याशी या जन्मात बोलणार नाही, हेही त्याला दिसत होतं.

एका दुपारी तो माप घ्यायला निघाला आणि टेप दुकानातच राहिली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आला. अंगणात पिकअप उभी होती. काचा वर, दारं बंद, आणि इंजिन चालू. जरा लांब, गाडीकडे पाठ करून मेहुणा स्टुलावर बसला होता, देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्यासारखा.

"गाडी उभी करून इंजिन चालू ठेवतोस?" काचवाल्याने विचारलं. "वर मी टाकीला कुलपं लावत फिरतोय."

"दाजी, हळू बोला."

"का?"

"आत माणसं आहेत."

काचवाल्याने काचेला डोळे लावले. आत आई-बाबा बसले होते. आई बोट नाचवत होती. बाबा दोन्ही हात हवेत फेकत होते. आवाज मात्र बाहेर अजिबात येत नव्हता. कोणाला तरी झटका आला या भीतीने त्याने खाडकन दार उघडलं, आणि आतून गार हवेबरोबर आईचा असा आवाज बाहेर आला, जो त्याने जन्मात ऐकला नव्हता.

"तुमच्या बहिणीचं कौतुक मला सांगू नका. तिने माझ्या लग्नात नाक मुरडलं होतं, ते मी अजून…"

मुलाला बघून आई थांबली. मग नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "दार लाव बाळा. गार हवा जाते."

बाबांनी सरकून त्याला शेजारी बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. मध्यंतरी मेहुण्याने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. वाटेत गाडी अडकली, दोघांत शब्दाला शब्द वाढला, आणि मेहुणा शहाण्यासारखा खाली उतरून उभा राहिला. कित्येक वर्षांनी दोघांना मोकळं वाटलं.

"आता घरात कसं भांडणार?" बाबा म्हणाले. "हिनेच नियम केलेला. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून काचा लावायच्या. काचा लावल्या की गुदमरतं, म्हणून ए.सी. आणि ए.सी.ला इंजिन लागतं."

"रोज?"

"विषय बरेच साठलेत," आई म्हणाली.

"पण मग मध्येच अ‍ॅव्हरेज आणखी का पडलं?"

"तू कुलूप लावलंस ना. त्यावरून आमचं फार वाजलं. मी म्हणत होते, हा माझ्यावर गेलेला नाही."

काचवाला खाली उतरला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती त्याने स्वतःच्या हाताने दिली होती, आणि संन्यासी समोर स्टुलावर बसून जमीन बघत होता.

"तू बोलला का नाहीस?"

"आईंनी शपथ घातली होती. सुनेला कळू द्यायचं नाही म्हणाल्या. एवढ्या विश्वासाने सांगितलं त्यांनी. डिझेल चोरतो म्हणवून घेतलं, त्याचं काही वाटलं नाही." मग स्टूल उचलत तो म्हणाला, "वाटलं. पण घेतलं."

"चुकलो रे मी," काचवाला म्हणाला. टाकीचं कुलूप त्याने तिथल्या तिथे काढलं.

पण खरी पंचाईत पुढेच होती. आईने आता त्यालाही शपथ घातली. मेहुण्याला निर्दोष ठरवायचं, पण डिझेल गेलं कुठे ते सांगायचं नाही. असा निकाल बायकोपुढे वाचून दाखवायला तो वर गेला. ती स्वयंपाकघरात ओटा पुसत होती.

"तुझ्या भावाची काही चूक नव्हती," तो म्हणाला. "सगळी माझी. कारण विचारू नकोस."

बायकोने फडकं ठेवलं आणि कित्येक दिवसांनी थेट त्याच्याकडे बघून बोलली.

"मला तुमच्याशी बोलायचंय. इथे नको."

"मग कुठे?"

"गाडीत. त्यांचं होऊ दे आधी."

काचवाला खिडकीशी गेला. ओट्याशेजारच्या त्या खिडकीतून पिकअपची पुढची काच स्वच्छ दिसत होती. आतलं बोट अजून नाचत होतं.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगायचं नाही मला?"

"आणि आईंना खाली मान घालायला लावायची? मी वाट बघत होते तुम्ही भावाची बाजू घ्याल म्हणून. तुम्ही कुलूप आणलंत." तिचा आवाज किंचित चढला, तसा तिनेच तो आवरला. "चला खाली. लग्नापासूनचं साठलंय."

आई-बाबा हसतमुखाने उतरले, आणि सूनबाई त्यांना वाट देत पुढच्या सीटवर चढली. सासू-सुनेची नजरानजर झाली. काचवाला शेजारी बसला, त्याने काचा वर केल्या, ए.सी. लावला, आणि बायकोने सुरुवात केली. कुलपापासून ती मागे मागे जात लग्नाच्या बोलणीपर्यंत पोचली. काचवाल्याने आधी प्रतिवाद केला, मग नुसतं ऐकलं, आणि ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला फार बरं वाटतंय.

बऱ्याच वेळाने काचेवर टकटक झाली. काचवाल्याने ती खाली केली. मेहुण्याच्या हातात रिकामा कॅन होता.

"दाजी, काटा तळाला गेला असेल. डिझेल आणायला निघालोय. किती आणू?"

काचवाल्याने बायकोकडे बघितलं. ती अजून लग्नाच्या बोलणीतल्या त्याच्या मावशीपर्यंतच आली होती.

"भरून आण," तो म्हणाला, आणि त्याने काच वर केली.