बोअरकाकांचं नाटक

बोअरकाकांना नाटकातली वाक्यं पाठ नव्हती, हशे पाठ होते. कुठं हसतात, किती वेळ हसतात, आधी बायका हसतात की पुरुष, हे सगळं त्यांनी एका रंधा मारलेल्या फळीवर पेन्सिलीनं मांडून ठेवलं होतं. एक रेघ म्हणजे खुदखुद, दोन म्हणजे हशा, आणि फुली असेल तिथं माणसं बाकावरून खाली पडायला हवीत. पहिल्या तालमीला त्यांनी ती फळी भिंतीला टेकवली आणि आम्हांला म्हणाले, "वाचा. हेच नाटक."

आम्ही पाचही जण आ वासून त्या रेघोट्यांकडे बघत राहिलो.

काकांचं खरं नाव जनार्दन शिवलकर. मांडवीचे, बोटीवर सुतार. केपटाऊनच्या धक्क्यावर एक तुळई त्यांच्या पायावर पडली आणि बोट त्यांना तिथल्या इस्पितळात टाकून पुढं निघून गेली. पाय जुळला तो वाकडाच. मग तिकडच्या बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या लोकांच्या एका फिरत्या नाटकमंडळीत पडदे आणि चौकटी उभारायचं काम मिळालं. दोन वर्षं ते त्यांच्या लॉरीतून गावोगाव हिंडले. रत्नागिरीला परत आले तेव्हा एकोणीसशे तीस सालाला दोन-तीन वर्षं अवकाश होता. सोबत वाकडा पाय होता, अर्धीमुर्धी आफ्रिकान्स भाषा होती आणि डोक्यात एक अख्खा बोअर फार्स होता.

त्या भाषेतला एक शब्द त्यांच्या जिभेला कायमचा चिकटला होता. "या-ने." म्हणजे हो आणि नाही, दोन्ही एकदम. विचारात पडलेला माणूस तिकडे म्हणे असंच बोलतो. शेजारचे पेडणेकर कुंपणापलीकडून विचारते झाले, "काका, करवत मिळेल काय?" काका विचारात पडून म्हणाले, "या-ने." पेडणेकर आले आणि करवत घेऊन गेले. महिन्याभरात रंधा, पटाशी, शिडी आणि एक बकरी याच वाटेनं गेली. काकांना वाटे, रत्नागिरीची माणसं फार धीट झाली आहेत.

मी तेव्हा कचेरीत कारकून होतो. वय चोवीस, आवाज बारीक. त्या आवाजामुळं नाटकातल्या विधवेचं काम माझ्या गळ्यात पडलं. गोष्ट साधी होती. एक विधुर शेतकरी विधवा शेजारणीचं कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करायच्या निमित्तानं सात वर्षं तिच्या घरी येतो आणि मनातलं बोलत नाही. मध्येमध्ये त्याचं शहामृग सुटतं आणि सगळ्यांच्या टोप्या पळवतं. शहामृग काकांनी फणसाच्या लाकडाचं केलं होतं. आत दोन माणसं लागत. वाक्यं काकांना जेवढी कळली होती तेवढी त्यांनी सांगितली आणि आम्ही ती मराठीत बसवली.

तालीम म्हणजे शिक्षा होती. प्रत्येक हशापाशी थांबायचं आणि मनात आकडे मोजायचे. "इथं तीन मोजा. इथं पाच. पाचाच्या आधी बोललास तर पुढचं वाक्य बुडतं."

"पण काका, माणसं हसलीच नाहीत तर?"

"हसतात. मी ऐकलंय."

शेवटाकडे फुली होती तिथलं वाक्य माझं होतं. मी विचारलं, "काका, यात हसण्यासारखं काय आहे?"

"ते मला काय ठाऊक? मी मागं होतो."

"मागं म्हणजे? समोर बसून नाटक पाहिलंच नाहीत?"

"मला कोण बसवणार समोर? गोऱ्यांचा हॉल तो. काळ्या माणसानं मागच्या दारानं आत यायचं, मागच्या दारानं जायचं. दोन वर्षं कनातीच्या पाठीमागं उभा होतो. भाषा कळायची निम्मी. हसणं तेवढं सगळं कळायचं." बोटीच्या वेळा सांगाव्यात इतक्या साधेपणानं ते बोलले आणि शहामृगाच्या मानेत खिळा ठोकू लागले. मला मात्र पुढचं वाक्य आठवेना.

दिवाळीच्या सुट्टीत आंब्याच्या एका रिकाम्या वखारीत भर दुपारी पहिला प्रयोग झाला. पुढं पुरुष, मागं चिकाच्या, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या, पडद्याआड बायका. आमच्या घरून आक्का आली होती. आक्का माझी आत्या. चौदाव्या वर्षी विधवा झाली, तेव्हापासून लाल आलवणात आमच्याकडे होती. तिला हसताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिला शेजारच्या काशीबाईंनी ओढून आणलं होतं.

पहिल्या रेघेला कुणी हसलं नाही. आम्ही तीन मोजले. दुसऱ्या रेघेला नाही. आम्ही पाच मोजले. दर दोन मिनिटांनी पाच माणसं खांबासारखी गप्प उभी राहतात, हे बघून प्रेक्षकांना वाटलं, आम्ही विसरलोय. एकानं तर पुढच्या वाक्याची आठवण म्हणून मोठ्यांदा खाकरून दाखवलं. शहामृगाची मान तुटून एका निवृत्त मुन्सफांच्या मांडीवर पडली, तेव्हाही कुणी हसलं नाही, कारण मुन्सफ हसले नाहीत.

मग फुली आली. मी पदर सावरून म्हटलं, "अहो, खुराडं सात वर्षांपूर्वीच नीट झालं. आता घरात मोडायला काही उरलं नाही. तेव्हा लग्नाचं विचारता, की मी भिंत पाडून ठेवू?"

विधवा बाई आपल्या तोंडानं लग्नाचं बोलते! मुन्सफ उभे राहिले. मी घाबरून मोजू लागलो. एक. दोन. तीन.

आणि चिकाच्या पडद्यामागून हसू आलं. एकटं, खणखणीत, पोटातून निघालेलं. थांबावं म्हणून तोंडावर हात धरला असावा, पण ते बोटांतून सांडतच राहिलं. सगळी वखार मागं वळली. मला वळायची गरज नव्हती. त्या आवाजाशी ओळख नसतानाही मी तो ओळखला.

घरी अण्णा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "आक्का यापुढं घराबाहेर जायची नाही." दोन घास उरले होते ते न खाता ते उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका फळी काखेत मारून आमच्या ओटीवर हजर. माफी मागायला आले असावेत, असं अण्णांना वाटलं. काका सरळ माजघराच्या दारापाशी गेले.

"आक्का, काल तुम्ही तीन मोजल्यावर हसलात. का हसलात?"

अण्णांच्या हातातला पानाचा डबा खाली पडला. आमच्या घरात आक्काला 'का' असं कुणी कधी विचारलं नव्हतं. ती रडली तेव्हाही नाही.

आतून आक्का म्हणाली, "अहो, सात वर्षं तो मेला खुराड्याकडेच बघतो. एकदा तरी तिच्याकडे बघायचं ना! शेवटी तिलाच बोलावं लागलं. हसू नको तर काय करू?"

"दोन वर्षं रोज ऐकलं," काका म्हणाले, "कळलं आज." मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी फुलीशेजारी काहीतरी लिहिलं. नंतर मी पाहिलं. 'आक्का' असं होतं.

पुढच्या दिवाळीला गाव आपण होऊन वखारीत जमलं. वर्षभर त्या नाटकाची इतकी निंदा झाली होती की कुणालाच घरी राहवेना. पडदा उघडणार, इतक्यात काकांनी मला विचारलं, "आक्का आल्या?"

"अण्णा सोडत नाहीत."

काका वाकड्या पायानं रंगमंचावर गेले आणि दोनशे माणसांना म्हणाले, "खेळ नाय. घरी जावा." मुन्सफ पहिल्या रांगेत बसले होते. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच झालं. आम्ही नट मंडळींनी काकांशी भांडण केलं, विनवण्या केल्या. एका बाईसाठी गावाचा विरस करता, म्हटलं. ते फळीवरची धूळ पुसत राहिले.

तिसऱ्या वर्षी एका रविवारी दुपारी आमच्या घरापुढच्या खळ्यात बैलगाडी येऊन उभी राहिली. तिच्यात चौकटी, पडदे, खुराडं आणि वर शहामृग. अण्णा धावतच बाहेर आले.

"हे काय आहे, शिवलकर?"

"तुम्ही म्हणालात, आक्कांनी घराबाहेर जायचं नाय. ते बरोबर. मी नाटक घरात आणलंय."

"माझ्या खळ्यात शहामृग?"

"मान पक्की केलीय."

तोवर शेजारपाजारची माणसं खळ्याभोवतीच्या दगडी गडग्यावर चढून बसली होती. इतक्या लोकांसमोर बैलगाडी हाकलायची म्हणजे वेगळाच तमाशा. अण्णांनी ओटीवरची खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि पाठमोरे बसले. म्हणजे त्यांनी नाटक पाहिलं नाही, असं ठरलं.

आक्का माजघराच्या चौकटीत बसली. मधे चिक नव्हता. मी फुलीचं वाक्य म्हटलं, आणि एकसुद्धा मोजायला मिळालं नाही. आक्का हसली. तिच्यामागोमाग गडगा हसला. काशीबाई तर उपड्या पडल्या. आणि मला दिसलं की भिंतीकडे तोंड केलेल्या अण्णांची पाठ गदगदतेय. मी विधवेच्या वेषात तोंडात पदर कोंबून उभा होतो. माझ्या बापाला हसू येतं, ही बातमी मला नवीन होती.

माझा प्रवेश संपला तसा मी फणसाच्या झाडाला बांधलेल्या पडद्यामागं गेलो. काका तिथं एकटेच होते. बाहेरचं काही दिसू नये अशा जागी, फळीला कान लावल्यासारखे उभे.

"काका, पुढं चला. अण्णांच्या शेजारी जागा आहे. आज कोण अडवतंय?"

त्यांनी मान हलवली. डोळे गळत होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"तिथं शेकड्यांनी माणसं हसायची रे. दोन वर्षं ऐकली. पण एकसुद्धा हसणं कुणाचं ते ठाऊक नव्हतं." मग एकदम हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आता जाड आवाजात हसलं, ते अण्णा काय?"

"हो."

"आणि शिंकल्यावाणी हसतं, ती बाई?"

"काशीबाई. पलीकडच्या."

"काशीबाई," ते स्वतःशी म्हणाले. बाहेर पुन्हा हशा उठला, तसं त्यांनी मला गप्प राहायची खूण केली आणि डोळे मिटून घेतले. माझा पुढचा प्रवेश आला होता. मी पदर नीट केला आणि त्यांना तिथं ऐकत ठेवून बाहेर गेलो.