खंडेनवमीचा टायमिंग बेल्ट

२०२२ सालच्या खंडेनवमीला सकाळीच आमच्या सुशांतने जाहीर केलं, "आई, संध्याकाळपर्यंत बेल्ट बदलून गाडी तय्यार. बघच तू." आमच्या घरात कुणी असं छातीठोक बोललं, की मी आधी गॅस बंद करते.

गाडी लाल, कुणीतरी वापरलेली, पण शर्यतीच्या जातीची. इतकी बुटकी की तिच्यात बसणं म्हणजे पाटावर बसणं, आणि उठायला दोन माणसं. कोपरच्या आमच्या सोसायटीत ती सुरू झाली, की वरच्या जाईबाई खिडकीतून विचारायच्या, "बोअरिंग मारतायत का गं?"

तिचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या पोटातला दातेरी रबरी पट्टा, जीर्ण झाला होता. तो चालत्या गाडीत तुटला तर आतले भाग एकमेकांवर आपटून इंजिन थेट भंगारात. आणि दसऱ्याला सुशांतला तीच गाडी घेऊन कल्याणला सोनं द्यायला जायचं होतं, समीक्षाच्या घरी. तिच्या वडिलांचं ड्रायव्हिंग स्कूल. त्यांनी निरोप धाडला होता, "गाडी घेऊन या, मग लग्नाचं बोलू. ज्याला गाडी सांभाळता येत नाही, तो संसार काय सांभाळणार?"

सुशांतने कळव्याच्या मित्राकडून, मार्विनकडून, खास हत्यारांची पेटी आणली. तिच्यात एक चकचकीत पोलादी पट्टी होती. ती इंजिनाच्या खाचेत बसवली, की पट्टा काढल्यावरही आतली चाकं जागची हलत नाहीत. "हीच मेन आहे, आई. ही निघाली की खेळ खल्लास," म्हणत त्याने ती बसवली आणि जुना पट्टा काढला. नवा पट्टा ताणायची चावी मात्र पेटीत नव्हती. ती आणायला तो मार्विनकडे गेला.

तेवढ्यात हे खाली उतरले. 'हे' म्हणजे माझे यजमान, सहदेवराव. ह्यांची सारी हयात वागळे इस्टेटच्या कारखान्यात गेली. तिथे खंडेनवमीला झाडून सगळी हत्यारं पूजेला लागत. एक पाना जरी बाहेर राहिला तरी वर्षभर बोटं कापतात, हा ह्यांचा सिद्धांत. घरातली विळी, कात्री, अडकित्ता, फार काय, नेलकटरसुद्धा सकाळीच देवापुढे गेला होता. ह्यांनी सुशांतचे पाने, पकडी, जॅक गोणीत भरले आणि इंजिनात डोकावून पाहिलं.

"पोरगं एक आतच विसरलं," असं म्हणत ह्यांनी पट्टी ओढून काढली. आतून टक्क आवाज आला. ह्यांना वाटलं, यंत्राने नमस्कार केला.

सुशांत परतला आणि धावतच वर आला.

"आई, इंजिनातली पट्टी कुठंय?"

मी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. विळी आणि नेलकटर यांच्यामध्ये पट्टी डोक्यावर झेंडू घेऊन बसली होती. ह्यांनी तिला हळदकुंकू लावून वर मूठभर अक्षता वाहिल्या होत्या.

सुशांत ह्यांच्याकडे वळला. "बाबा, काय केलंत हे?"

"पूजा."

"द्या ती इकडे."

"आज हात लावायचा नाही. उद्या उत्तरपूजा झाली की ने."

"अहो, माझं लग्न अडकलंय त्यात."

"आमच्या कारखान्यात मालकाच्या मुलीचं लग्न होतं, तरी कुणी पाना उचलला नव्हता."

सुशांतने मार्विनला फोन लावून स्पीकरवर टाकला. त्याला वाटलं, हा तरी आपल्या बाजूने बोलेल.

"काका बरोबर बोलतात रे," मार्विन म्हणाला. "माझी आजी गुड फ्रायडेला भिंतीत खिळा मारू देत नाही. उद्या येतो मी."

हे मार्विनवर इतके खूश झाले, की दुसऱ्या दिवशी त्याला श्रीखंड दोनदा वाढलं.

उत्तरपूजा ह्यांनी सावकाश केली. मग मार्विनने आतली चाकं फिरवून त्यांच्यावरच्या खुणा जुळवल्या आणि पट्टी बसवली. जराशी तिरकी वाटली, पण बसली. नवा पट्टा चढला. सुशांत किल्ली घेऊन धावला तर मार्विनने त्याची कॉलर धरली. "आधी हाताने फिरव, हिरो."

फिरवलं, तर खुणा एका दाताने चुकलेल्या. पुन्हा पट्टा काढला, पुन्हा चढवला, पुन्हा तेच. शेवटी मार्विनने पट्टी उन्हात धरली. तिच्या कडेला वाळलेल्या कुंकवात अक्षतांचा एक दाणा घट्ट चिकटून बसला होता.

"काका," तो हात जोडून म्हणाला, "तुमची भक्ती लई टाइट."

तो दाणा खरवडेपर्यंत समीक्षाचा फोन आला. "अरे, पप्पा निघालेत तुमच्याकडे. म्हणाले, येत नाही तर मीच बघतो."

ते आले तेव्हा गाडीचं पोट उघडं होतं आणि सुशांतचं नुसतं धड बाहेर होतं.

"काय झालं गाडीला?" त्यांनी विचारलं.

आता लग्न मोडलं, असं मी मनात म्हटलं. हे पुढे झाले. "मुलाचा दोष नाही. इंजिनातली पट्टी मी काढली. पूजेला."

"खंडेनवमीच्या?"

"हो."

पाहुण्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझ्या स्कूलच्या सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या कालपासून पूजेत आहेत. गुरुजी अजून उत्तरपूजेला आले नाहीत. मी रिक्षाने आलोय."

दोघांनी एकमेकांना सोनं दिलं, मिठी मारली आणि लग्नाचं बोलायला वर निघून गेले. इंजिनातून आवाज येत राहिला, "अरे, कुणी पाना देता का?"

त्या वर्षी लग्न झालं. लाल गाडी शहाडच्या एका हौशी माणसाने नेली, आणि जाईबाईंना आता दुपारची झोप लागते. मार्विन दसऱ्याच्या आसपास कुणालाच पेटी देत नाही. सुशांत आणि समीक्षा ठाण्याला राहतात. त्यांनी विजेवर चालणारी गाडी घेतली. गेल्या खंडेनवमीला संपत आलेल्या बॅटरीवर ती घेऊन आमच्याकडे मुक्कामाला आले, तेव्हा सुशांत ऐटीत म्हणाला, "बाबा, हिच्यात बेल्टच नाही. काढून दाखवा काय काढताय ते."

दसऱ्याला सगळे मिळून कल्याणला निघालो, ते रिक्षाने. व्याही दारातच उभे होते. त्यांनी रिक्षा पाहिली, मग ह्यांच्याकडे पाहिलं.

"चार्जर?"

"चार्जर," हे म्हणाले, आणि त्यांना सोनं दिलं.