विनाकारण चिंतेचा दाखला

राजवीर सव्वीस वर्षांचा होता, शिरोलीच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायचं काम करायचा, आणि त्याला चिंता वाटत असे. कशाची, ते सांगता येत नव्हतं. सकाळी डोळे उघडले की छातीत धडधड, गाडीला किल्ली लावली की धडधड, जेवताना धडधड. एकदा तर रंकाळ्यावर भेळ खाताना त्याला दरदरून घाम फुटला, आणि भेळ तिखट नव्हती.

वडील आकाराम म्हशी राखून होते. त्यांनी पोराला रोज दूधकट्ट्यावर म्हशीशेजारी उभं करून धारोष्ण दूध पाजलं. दीड महिन्यात राजवीरचं वजन सहा किलो वाढलं आणि त्याला वजनाचीही चिंता लागली. शेवटी त्यानं समुपदेशनाचं नाव काढलं, तेव्हा आकाराम म्हणाले, "आपल्या घरात चिंता करायची पद्धत न्हाय. माझ्या बानं केली न्हाय, मी केली न्हाय." एवढं बोलून ते रक्तदाबाची गोळी घ्यायला आत गेले.

राजवीरला फार काही नको होतं. दार लावून, एका अनोळखी माणसासमोर बसून, आपल्याला काय होतंय ते एकदा बोलायचं होतं. तेवढ्यासाठी तो युवक चिंतानिवारण कक्षात गेला. शासनाची योजना, आठ भेटी मोफत आणि सगळं गोपनीय. खिडकीवरच्या यल्लाप्पा लिपिकांनी अर्ज पुढं सरकवला आणि शेजारच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "पावणं, चिंता कारणासकट हाय का बिनकारणी?"

कारण असेल तर अर्ज त्या त्या खात्याकडे जाई. नोकरीची चिंता रोजगार खात्याकडे, नळाची चिंता पाणीपुरवठ्याकडे. कक्षाच्या वाट्याला फक्त बिनकारणी. राजवीर म्हणाला, माझी तीच. मग अर्जदारास चिंता आहे पण कारण नाही, असा प्रतिष्ठित व्यक्तीचा दाखला आणि वर गृहपाहणी, असं ठरलं. बोगस चिंताग्रस्तांनी लाभ लाटू नये म्हणून ही खबरदारी होती. आदल्या साली म्हणे गारगोटीकडचे दोघेजण चौकशीअंती चांगले निवांत निघाले होते.

राजवीरच्या पेठेत प्रतिष्ठित म्हणजे तालीम मंडळाचे अध्यक्ष विजयसिंह. राजवीरनं त्यांना बाजूला घेतलं, हात जोडले, कुणाला सांगू नका म्हणून गळ घातली. विजयसिंहांनी सही ठोकली आणि पाठीवर थाप मारली. माणूस दिलदार. पोराचं सरकारदरबारी काम होतंय आणि मंडळानं गप्प बसायचं, हे काही त्यांच्या मनाला पटेना. दुसऱ्याच दिवशी चौकात दहा बाय पंधराचा डिजिटल फलक झळकला: 'आमचे लाडके राजवीरदादा यांची बिनकारणी चिंतेसाठी शासनस्तरावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधोमध काळा चष्मा लावलेला राजवीर, भोवती एकेचाळीस शुभेच्छुक.

त्याच आठवड्यात कागलहून त्याला बघायला पाहुणे यायचे होते. त्यांनी चौकातूनच गाडी वळवली.

पुढं गृहपाहणीला यल्लाप्पा आणि दोन पंच आले. पोहे झाले, चहा झाला, मग राजवीरला समोर बसवलं. झोप कधीपासून नाही, असं विचारल्यावर तो खरं तेच बोलला, फलक लागल्यापासनं डोळा लागला न्हाय. आणि धडधड? ती पाहुणे फिरल्यापासनं लईच.

यल्लाप्पांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे कारण हाय की."

"साहेब, हे कारण तुमच्या दाखल्यापायी झालंय," राजवीर म्हणाला. "त्याच्या आधीची चिंता हाय तशीच आत बसलीया. तिला कोण विचारणार?"

यल्लाप्पांना वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हताच तो. पण अर्जात आधीची चिंता आणि नंतरची चिंता असे वेगळे रकाने नव्हते. त्यांनी शेरा मारला: 'चिंतेस सबळ कारण आढळून आले. सबब अर्जदार अपात्र. फलकाबाबत अतिक्रमण विभागाकडे दाद मागावी.'

सोमवारी राजवीर अपील करायला गेला. आता झाकायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून उघड्या तोंडानं गेला. रांग पार फाटकाबाहेर आली होती. सगळे बाप्ये, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल, डोळ्यांवर गॉगल. पुढचा जरा मागं वळला आणि राजवीरला जन्मात कधी न पाहिल्यासारखं करून हळू आवाजात म्हणाला, "दादा, बिनकारणीचा फॉर्म हितंच मिळतोय न्हवं? मित्रासाठी पायजे."

आवाज विजयसिंहांचा होता. राजवीरनंही ओळख दाखवली नाही. फॉर्म मिळतोय, पण प्रतिष्ठिताची सही लागते, एवढं त्यानं सांगितलं.

गॉगल जरा वर करून त्यांनी रांग पुढून मागपर्यंत न्याहाळली. मग विजयसिंह म्हणाले, "कुणाची घ्यायची? सगळी प्रतिष्ठित तर हितंच हुबी हायती."

खिडकी उघडली, रांग एक पाऊल सरकली. त्या सबंध रांगेत तोंड उघडं असलेला निर्लज्ज तेवढा राजवीर एकटा. सातव्या नंबरला तुम्ही होता. रुमाल नीट बांधला होता, म्हणून नाव घेत नाही. आणि ही गोष्टसुद्धा तुम्ही मित्रासाठीच वाचलीत, असं धरून चालू.