खालच्या मजल्यावरची गिटार

दुपारचे तीन वाजले, की खालच्या मजल्यावर गिटार सुरू व्हायची आणि गिटारकाकांची झोप मोडायची. चाळीस वर्षं रॉक बँडमध्ये वाजवून काका नुकतेच घरी बसले होते. भल्यामोठ्या स्पीकरांशेजारी उभं राहून कान अर्धे गेले होते. पण बेसूर ओळखायला उरलेले अर्धे पुरेसे होते.

“माझ्याच गाण्याचा मुडदा पाडतोय! कोण गाढव शिकतंय हे?”

“मला तर बरं वाटतंय,” बायको म्हणाली.

“इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून हेच शिकलीस?”

पहिल्या दिवशी काकांनी फरशीवर काठी आपटली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चिठ्ठी डकवली : ‘वादकाने आधी गिटार सुरात लावावी.’ त्याखाली कुणीतरी लिहिलं, ‘आम्हाला आवडते.’ मग मात्र काकांनी इमारतीच्या सेक्रेटरींकडे लेखी तक्रारच केली, की सदर वादनामुळे एका ज्येष्ठ कलावंतास मानसिक त्रास होत आहे.

चौथ्या दिवशी सेक्रेटरी आणि साक्षीला एक शेजारी, असं शिष्टमंडळ घेऊन काका खाली उतरले. दार एका निवृत्त नर्सबाईंनी उघडलं. आतलं नीट ऐकायच्या आधीच काका सुरू झाले.

“बाई, तुमच्याकडे जो कोण वाजवतो ना, त्याचा ताल सुटतो. तिसरी तार उतरलीय. आणि शेवटी तर असा पळतो, जणू मागे कुत्रं लागलंय! दुसरा धंदा बघ म्हणावं त्याला.”

नर्सबाई आत गेल्या. गिटार थांबली. बाहेर येऊन त्यांनी एका जुन्या रेकॉर्डचं कव्हर सेक्रेटरींच्या हातात दिलं. त्यावर खांद्यापर्यंत केस वाढवलेला, उघड्या छातीचा एक तरुण गिटार घेऊन उभा होता. सेक्रेटरींनी एकदा त्याच्याकडे, एकदा काकांच्या टकलाकडे पाहिलं.

“नाक तेच आहे,” शेजारी पुटपुटला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं काकांना झालं. पण पायांखाली धरणी नव्हती, दुसरा मजला होता.

“आमचे हे लकवा झाल्यापासून पडूनच असतात,” नर्सबाई म्हणाल्या. “ही रेकॉर्ड लावली की तेवढा पाय हलतो. तुमच्याच कार्यक्रमात भेटलो होतो आम्ही. त्या दिवशी तुम्ही काठी आपटलीत, तर म्हणाले, काका ताल धरतायत.”

“ती तक्रार... फाडून टाका हो,” काका सेक्रेटरींना कसंबसं म्हणाले.

“नोंद झाली, काका. शिक्कासुद्धा पडलाय.”

त्या रात्री काकांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच गिटार घेऊन खाली गेले आणि पलंगाशेजारी बसून आजाऱ्याचा हात हातात घेतला.

“चुकलो हो मी. म्हणाल तेव्हा येऊन वाजवीन.”

मग त्यांनी तेच गाणं वाजवलं. ताल सुटला नाही, तार उतरली नाही, शेवटी घाईही झाली नाही. चाळीस वर्षांत इतकं निर्दोष वाजलं नव्हतं. पाय मात्र हलला नाही.

आजारी माणसाने काकांकडे पाहिलं. मग एकेक शब्द जुळवत बायकोला म्हणाला, “छान... वाजवतात. आता... रेकॉर्ड लाव.”

नर्सबाईंना कुठे बघावं कळेना. काका मान खाली घालून उठले आणि रेकॉर्ड त्यांनीच लावली.