क्लचवर एकमत

"तुम्हा दोघांचं एकमत झालं की त्याच मिनिटाला सही करते," असं म्हणून मास्तरीणबाईंनी अर्ज फ्रीजवर ठेवला आणि तो उडू नये म्हणून त्यावर मिठाची बरणी ठेवली. याला दोन महिने होऊन गेले. मधल्या काळात मीठ दोनदा संपलं, बरणी दोनदा भरली गेली, अर्ज मात्र जागचा हलला नाही.

अर्ज होता उडायला शिकवणाऱ्या क्लबचा, आणि त्यावर घरच्या माणसाची संमतीची सही लागत होती. मास्तरांना पॅरामोटर शिकायचं होतं. पॅरामोटर म्हणजे पाठीवर दप्तरासारखं अडकवायचं इंजिन, त्याच्या मागे जाळीत बसवलेला मोठा पंखा आणि डोक्यावर दोऱ्यांनी बांधलेला लांबलचक कापडी पंख. माणसाने मोकळ्या मैदानात धावत सुटायचं. काही पावलांनी जमीन पायाला लागेनाशी होते. मास्तरांनी हे एकदा गावाबाहेरच्या रस्त्यावर गाडी कडेला घेऊन पाहिलं होतं. शेजारी स्टिअरिंग धरून बसलेल्या शिकाऊ बाईंनी "सर, आता कुठला गिअर?" असं तीनदा विचारलं. सर वरच बघत होते. वय वर्षं चोपन्न, आणि माणूस चक्क रडत होता. घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं, तेव्हा मास्तरीणबाई हसल्या नाहीत. "कसं दिसतं हो वरून?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मास्तर म्हणाले, "मला काय माहीत, मी खालीच होतो."

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. तीस वर्षांत त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होता. त्यांच्या डाव्या पायाला त्या क्लचची इतकी सवय झाली होती की घरी टीव्हीत एखादी गाडी वळली, तरी तो पाय खालची सतरंजी दाबायचा. फक्त स्वतःच्या बायकोला त्यांनी गाडी शिकवली नव्हती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! "तुला जमायचं नाही, तू घाबरतेस," असं ते लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी म्हणाले होते. पुढे तो विषय कुणी काढला नाही.

पॅरामोटरचं इंजिन जुळवलं होतं मेहुण्याने, म्हणजे मास्तरीणबाईंच्या धाकट्या भावाने. त्याचा धंदा पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचा. दाजींचं काम म्हणून त्याने एकेक भाग निवडून, पुसून, मन लावून बसवला होता. एक भाग तेवढा बसवला नव्हता.

"क्लच कुठाय?" मास्तरांनी यंत्र पाहिल्या पाहिल्या विचारलं.

"नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"दाजी, पंपाला कधी क्लच पाहिलात? बटण दाबलं की पाणी. तसंच हे. इंजिन चालू की पंखा चालू. दीड किलो वजन वाचतं. आणि जो भाग लावलाच नाही, तो बिघडत नाही."

"अरे, पण मी नुसता उभा असताना मागे पंखा गरगरणार? त्यात दोरी अडकली म्हणजे? क्लच असला की इंजिन चालू आणि पंखा गप्प. रेस दिली तरच फिरणार. माणसाला विचार करायला जरा वेळ मिळतो."

"तुम्हाला उडायचंय की विचार करायचाय?"

झालं, ठिणगी पडली. मग जेवताना क्लच, फोनवर क्लच, दवाखान्यात रांगेत बसल्यावर क्लच. पंचाईत अशी होती की दोघांचंही बरोबर होतं. एकाचं जरी चुकत असतं, तरी पंधरा दिवसांत निकाल लागला असता. मास्तरीणबाईंनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि म्हणाल्या, "मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. पण ज्यांना कळतं तेच भांडतायत, तर मी माझा नवरा त्या यंत्राला कशी बांधू?"

आणि आता अर्ज द्यायला एकच दिवस उरला होता. त्यानंतर वारा बदलतो म्हणून क्लब चार महिने बंद. मास्तरांचा चेहरा उतरला होता. शेवटी मेहुण्यानेच तोडगा काढला.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, दाजी! यंत्र तुमच्या गाडीच्या मागे बांधू. गाडी बंद, नुसती किल्ली लावलेली, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक काढलेला. या यंत्राचं इंजिन मंद चालवायचं. गाडी हलली, तर मंद पंखा उभ्या माणसालाही ढकलणार; मग तुम्ही जिंकलात, मुकाट्याने क्लच लावतो. नाही हलली तर नाव काढायचं नाही."

मास्तरांना हे पटलं. दोघांनी यंत्र गाडीच्या पाठीला पट्ट्यांनी करकचून आवळलं. फाटक उघडंच राहिलं, कारण मेहुण्याला गाडी हलणार नाही याची खात्री होती, आणि मास्तरांना ती हललीच तर अर्धा-एक इंच हलेल अशी. मेहुणा इंजिनाची दोरी ओढणार, मास्तर खाली बसून टायर बघणार. म्हणून गाडीत बसायला मास्तरीणबाईंना बोलावण्यात आलं.

"तू काही करायचं नाहीस," मास्तर म्हणाले. "हललीच तर मधलं पेडल दाब."

मेहुण्याने रेस द्यायचं हँडल वायरसकट मागच्या खिडकीतून आत दिलं. "ताई, हे नुसतं धरून बस."

तिसऱ्या ओढीला इंजिन पेटलं. पंख्याची पाती आधी दिसत होती, मग त्यांचं एक करडं वर्तुळ झालं, मग वर्तुळही गेलं आणि त्यातून पलीकडची भिंत आरपार दिसू लागली. अंगणातला पाचोळा उठला तो थेट छपरावर गेला. दोन महिने भांडलेले दोघं जण भांडण विसरून बघत राहिले. हे आपण केलंय, यावर मेहुण्याचा विश्वास बसत नव्हता.

"बघा!" भानावर येऊन तो ओरडला. "तसूभर हलली नाही!"

"हलली! अर्धा इंच!"

"ती वाऱ्याने!"

"अरे, वारा कुणाचा? पंख्याचाच ना!"

हे चाललं असताना गाडीत मास्तरीणबाई हातातलं हँडल निरखत होत्या. त्याच्यावर एक लाल बटण आणि एक छोटी चकती होती, आणि चकती सैल होती. सैल वस्तू मास्तरीणबाईंना बघवत नसे. घरातल्या सगळ्या कढयांचे कान, बरण्यांची झाकणं, नळांच्या मुठी त्यांच्या हाताने घट्ट झालेल्या होत्या. त्यांनी हँडल नीट मुठीत धरलं आणि चकती पिळून घट्ट केली. ती चकती अशासाठी असते की वर आकाशात बोट दुखू नये. पिळली की दिलेली रेस तिथेच अडकून राहते. आणि हँडल मुठीत धरताना रेस बऱ्यापैकी दिली गेली होती.

इंजिनाने आवाज बदलला. गाडी फाटकापर्यंत गेली, तिथे क्षणभर अडखळली, आणि मग बाहेर पडून गल्लीला लागली.

"क्लच!" मास्तर मागून धावत सुटले. "क्लच दाब, क्लच!"

"दाबलाय!" पुढून उत्तर आलं.

आणि खरंच दाबलेला होता, पार तळापर्यंत. पण गाडीचं स्वतःचं इंजिन मुळात बंदच होतं. जे ढकलत होतं ते मागे बांधलेलं होतं, आणि त्याचा या क्लचशी काडीचा संबंध नव्हता. हे सगळ्या गल्लीला कळलं, फक्त मास्तरांना कळलं नाही. ते "क्लच, क्लच" म्हणत धावत राहिले, आणि मेहुणा त्यांच्या मागे "लाल बटण, ताई, लाल बटण!" असं ओरडत राहिला. गाडी लांब गेली तसं पंख्यापुढे दोघांचंही मास्तरीणबाईंना ऐकू जाईना.

लाँड्रीवाल्याने दोरीवर टाकलेल्या चादरी सगळ्या एकदम उठल्या आणि आडव्या होऊन तरंगू लागल्या. तो इस्त्री हातात घेऊन बाहेर आला होता तो शिव्या द्यायला, पण त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक धावत बाहेर आलं. त्याच्या गळ्यातलं कापड फुगून वर आलं आणि त्याला काहीच दिसेना, तर ते "काय आहे, काय आहे?" म्हणून न्हाव्याला विचारू लागलं. न्हाव्याला सांगता येत नव्हतं. कोपऱ्यावरच्या हवालदाराने शिट्टी तोंडात धरली. गाडीवर शिकाऊची पाटी, शेजारी शिकवणारा नाही, इंजिन बंद आणि मागे विमानाचा पंखा. यातला गुन्हा नक्की कुठला, ते त्याला ठरवता येईना. त्याने शिट्टी काढून ठेवली आणि बाकीच्या तिन्ही बाजूंची वाहनं अदबीने थांबवली. मास्तरीणबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून वळण दाखवलं, आणि गाडी वळली.

मागच्या रस्त्याने पूर्ण वळसा घालून त्या परत आल्या. फाटकातून गाडी आत घेतली, पहिल्या जागी उभी केली आणि लाल बटण दाबलं. कानांत दडे बसावेत अशी शांतता झाली.

मास्तर पोचले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. मेहुणा फाटकाला धरून वाकला होता.

"अगं," मास्तर धापा टाकत म्हणाले, "ब्रेक! मधलं पेडल! नाही का सुचलं?"

"सुचलं की. फाटकापाशीच दाबलं. थांबली गाडी."

"मग?"

"मग सोडलं."

मास्तरांनी खिडकीला धरून आत डोकावलं.

"मागून ते ढकलत होतं ना, ते इथे, पाठीत कळत होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. हात अजून स्टिअरिंगवरच होते. "इतकं मोठं, आणि इतकं अलगद. म्हटलं, कोपऱ्यापर्यंत बघू या. मग कोपरा आला. मग म्हटलं, पुढचा कोपरा."

तीस वर्षांत मास्तरांनी शेकडो माणसांना पहिल्यांदा गाडी चालवताना पाहिलं होतं. कुणी देवाचं नाव घ्यायचं, कुणी त्यांचा हात धरायचं. असा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. आपण या बाईला घाबरट म्हणालो होतो, हे आठवून त्यांना मनापासून लाज वाटली.

"आणि लाल बटण कसं कळलं, ताई?" मेहुण्याने विचारलं.

"त्याच्यावर 'बंद' लिहिलंय."

मग त्या उतरल्या, पदराने तोंड पुसलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. फ्रीजवरची बरणी उचलल्याचा आवाज आला. मास्तर मागोमाग धावले. "फाडू नकोस गं," ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "आम्ही ठरवतो. आजच्या आज ठरवतो."

मास्तरीणबाई टेबलाशी बसून लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी कागद मास्तरांच्या पुढे सरकवला. अर्जदाराच्या जागी मास्तरांचं नाव होतं, त्यावर पट्टीने एक सरळ रेघ मारलेली होती. रेघेच्या वर मास्तरीणबाईंचं नाव होतं. खाली, 'घरातील जबाबदार व्यक्तीची संमती' यापुढची जागा मोकळी होती.

"अगं, हे..."

"तुमच्यासाठी दुसरा आणू. पण पहिली मी."

मास्तरांनी मान वळवून अंगणात उभ्या असलेल्या पंख्याकडे पाहिलं. मेहुण्यानेही पाहिलं. त्या पात्यांकडे पाठ करून आपली ताई उभी आहे, आणि दोऱ्या वाऱ्यावर हलतायत, असं त्याच्या डोळ्यांपुढे आलं असावं, कारण त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. आणि दोघं जण एकाच वेळी, एका सुरात ओरडले, "क्लच हवाच!"

"झालं की एकमत," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन मास्तरांच्या पुढे धरलं. "करा सही."