मृण्मयीच्या तिसऱ्या

"तिसऱ्या ना? आणल्या समज," शैलेंद्र बायकोला छाती ठोकून म्हणाला, तेव्हा त्यानं तिसरी हा शिंपल्याचा प्रकार जन्मात पाहिलेला नव्हता. उज्जैनच्या फ्रीगंजातला माणूस. पाणी म्हटलं की क्षिप्रा, आणि घाटावर खायचा तो भुट्टा. पण मृण्मयीला सातवा महिना, माहेर अलिबागकडचं, आणि डोहाळे एकच: खोबरं घातलेल्या तिसऱ्या. मग काय, बँकेच्या ट्रेनिंगसाठी मुंबईला गेलेला शैलेंद्र रविवारी सरळ सासरवाडीला!

मेव्हणा चिन्मय त्याला ओहोटीला घेऊन गेला. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, अंगठ्यानं वाळू उकरायची, टणक लागलं की हात घालायचा.

"भावोजी, हा दगड आहे."

थोड्या वेळानं, "भावोजी, हापण दगडच."

शेवटी शैलेंद्रची पाठ धनुष्य झाली, पण पिशवीभर शिंपले जमले. चिन्मयनं ते ओल्या फडक्यात बर्फ घालून बांधले, सोबत कॅनभर समुद्राचं पाणी दिलं. "घरी यात बुडवून ठेवा, वाळू टाकतील. पण मेल्या तर असा वास सुटेल की गल्ली रिकामी होईल हां."

आता घरची परिस्थिती ऐका. शैलेंद्रचे बाबा, म्हणजे भय्यासाहेब, यांच्या स्वयंपाकघरात लसूणसुद्धा चोरासारखा यायचा. म्हणून बेत असा: बादली बाथरूममध्ये, वर ओलं फडकं, दुपारी बाबा झोपले की गच्चीवर शेगडी. पक्का प्लॅन!

सोमवारी सकाळी घरी पोचून बादली भरली, तोच भय्यासाहेबांनी विचारलं, "बादलीत काय आहे रे?"

"समुद्राचं पाणी, बाबा." खोटं कुठं होतं?

पण हे उज्जैन. इथं फडक्यानं झाकलेल्या पाण्याला माणूस आधी हात जोडतो, मग चौकशी करतो. "सागरजल," भय्यासाहेब गहिवरले. "साऱ्या नद्या आल्या यात." ते दारात जाऊन नुसतं एवढं बोलले आणि पंधरा मिनिटांत जिन्यावर लोटे घेऊन लाइन! सगळ्यात पुढे वरच्या मजल्यावरच्या सुमनकाकू.

शैलेंद्र फडक्याचं टोक उचलून वरवरचं पाणी मगानं वाटत होता. पाणी उतरलं तसा हात खोल गेला. काकूंच्या लोट्यात टण्ण.

"अगं बाई, हे काय?"

लोट्यातल्या तिसरीनं उत्तरादाखल काकूंच्या चष्म्यावर पिचकारी मारली. शैलेंद्रला वाटलं, संपलं. भय्यासाहेबांनी लोट्यात पाहिलं, मुलाकडे पाहिलं, दाराआडून डोकावणाऱ्या सुनेकडे पाहिलं.

"प्रसाद आहे," ते शांतपणे म्हणाले. "सागराचा."

मग काय विचारता! ज्यानं त्यानं दोन-दोन तिसऱ्या मागून नेल्या. बादलीत उरलं पाणी.

"माझ्या तिसऱ्या देव्हाऱ्यात बसल्या," मृण्मयी रडवेली झाली. "आणि उद्यापर्यंत मरतील. सगळी बिल्डिंग आपल्याला शोधत येईल."

शैलेंद्रनं पिशवी उचलली आणि सरळ सुमनकाकूंचं दार वाजवलं. "काकू, तो प्रसाद परत हवा होता. पूजेत एक चूक झाली."

"कसली चूक?"

"ते... भरती-ओहोटी पाहिली नव्हती."

काकूंना पटलं! सगळ्यांना पटलं. घराघरांतल्या ताम्हणांमधून, बोटभर पाण्यातून, शैलेंद्रनं दुसऱ्यांदा तिसऱ्या वेचल्या. या वेळी एकही दगड नाही. काहींना कुंकू होतं, एकीवर तुळशीचं पान.

परत आला तर दारात भय्यासाहेब. हातात शेगडी.

"बाबा, मी सांगणारच होतो..."

"गच्चीवर शिजव. कुंकू धुऊन घे आधी."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"मग चार लोकांत सुनेचे डोहाळे सांगत बसू का?" ते आवाज खाली आणत म्हणाले, "तुझ्या वेळी तुझ्या आईला ऑम्लेट हवं होतं. आपल्या घरात! रोज संध्याकाळी देवळाचं नाव सांगून तिला स्टेशनसमोरच्या गाडीवर न्यायचो. पोटुशी बाईचं मन मोडू नये."

शैलेंद्रचा जीव भांड्यात पडला. आत मृण्मयी खोबरं खवायला लागलीसुद्धा.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "मला ऑम्लेट एकदाच हवं होतं हो. बाकीचे दोन महिने कोणाचे डोहाळे होते, तेपण सांगा त्याला."

भय्यासाहेबांनी शेगडी शैलेंद्रच्या हातात दिली आणि गच्चीच्या दिशेनं निघाले. "चल लवकर," ते म्हणाले. "वारा आहे वर. पेटवायला दोघं लागतील."