सुलेमानमियाँची टाळी

सुलेमानमियाँ कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवत. सलाम त्यानंतर. टाळी वाजवायची, मान कलती करायची, डोळे मिटायचे आणि खोली काय उत्तर देते ते ऐकायचं. ‘‘खोली बोलली पायजे,’’ हे त्यांचं ब्रीद. सौदीतल्या अल-खोबरच्या आमच्या खाजगी इस्पितळात ते देखभाल खात्यात होते आणि मी भूल देणारा डॉक्टर. अर्धवट शुद्धीवर आलेले माझे पेशंट त्यांच्या टाळीने पूर्ण शुद्धीवर येत. एकदा भर मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये टाळी वाजवून ते म्हणाले होते, ‘‘ही उगाच घुमते. आत काय नाय.’’ साहेबांना मराठी येत नव्हतं, म्हणून नोकरी वाचली.

मियाँ मुरूडचे सिद्दी. उंच, काळेभोर, केस बारीक कुरळे. पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून आलेले, पण मियाँना मराठीखेरीज एकही भाषा धड येत नव्हती. सुदानी माणसं मोठ्या आपुलकीने त्यांच्याशी अरबीत बोलायला येत आणि हिरमुसून परत जात. आपले लोक त्यांच्याशी हातवारे करत. पुण्याहून नव्याने आलेल्या एका लॅबवाल्याने त्यांना बराच वेळ बंद पडलेल्या पंख्याचा अभिनय करून दाखवला. मियाँनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, ‘‘फिरत नाय की आवाज करतो? तोंडानं सांगा ना.’’

मग कुवेतवरून लढाई पेटली. क्षेपणास्त्रं येऊ लागली, सायरन वाजू लागले, आणि विषारी वायूच्या भीतीने घरोघर एकेक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद करायचं काम निघालं. आमच्या इमारतीतल्या सगळ्या खोल्या मियाँनी बंद केल्या, अर्थात टाळी वाजवून. मला मात्र त्यांनी कायमचं नापास केलं होतं. एकदा साध्या अॅम्ब्युलन्सच्या भोंग्याला घाबरून मी मास्क चढवून बाथरूममध्ये बसलो आणि गुदमरायला लागलो. मियाँनी येऊन मास्क उतरवला. ‘‘डॉक्टरसाहेब, आधी ह्याचं बूच काढायचं असतं.’’ लोकांच्या श्वासावर पोट भरणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं.

आम्ही सगळेच तेव्हा दमलो होतो. घाबरायलाही अंगात ताकद लागते, ती उरली नव्हती. बायको सांगलीला गेली होती. मुलगी नेहा बारावीच्या परीक्षेसाठी माझ्याजवळ राहिली होती, आणि शाळा बंद पडल्यामुळे अभ्यास सोडून बाकी सगळं करत होती.

आमच्या खालच्या मजल्यावर इद्रिस आणि ताहिर हे सुदानी भाऊ राहत. थोरला गायचा, धाकटा मातीचा ढोल वाजवायचा. सुदानच्या सरकारने लढाईत भलतीच बाजू धरली आणि इथे परदेशी नोकरांना जामीन राहणारे कफील लोक सुदानी माणसांकडे तिरक्या डोळ्यांनी बघू लागले. मुलांच्या वडिलांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवून मिळाला नाही. खलास. शनिवारचं विमान ठरलं. जन्मापासून याच गावात वाढलेली पोरं, पण चार लोकांसमोर कधी वाजवायला मिळालं नव्हतं. जाहीर गाणंबजावणं इथे शक्यच नव्हतं. नेहाच्या वर्गाने ठरवलं, शुक्रवारी कार्यक्रम करायचा. तिकिटापासून सरबतापर्यंत सगळं पोरांचं.

‘‘बाबा, प्लीज. दे आर लीव्हिंग,’’ नेहा म्हणाली. मी म्हटलं, आवाज बाहेर गेला तर आपल्यालाही लीव्हिंगच. तेवढ्यात दारात टाळी वाजली.

‘‘तळघरातली गाद्यांची खोली द्या मला,’’ मियाँ म्हणाले. ‘‘आतला आवाज आतच मरेल.’’

मी कंटाळून विचारलं, ‘‘तुम्हाला कशाला ही उठाठेव?’’

 मियाँ म्हणाले, ‘‘उरुसात आमी ढोल बडवायचो, साहेब. मुरूड सोडलं तसा माझ्यासारक्या तोंडाचा पोरगा ढोल वाजवताना बघितला नाय. मला पुढं बसायचंय. एवढंच.’’

तळघराची किल्ली इस्पितळाने माझ्याकडे ठेवली होती. मी होकार दिला. वाद घालायचं त्राण नव्हतं हे एक कारण, आणि ते ‘पुढं बसायचंय’ मनाला लागलं हे दुसरं.

मियाँनी भिंतींना गाद्या लावल्या, छताला फोम, दाराला एसीच्या रबरी पट्ट्या आणि वर चिकटपट्टीचे थर. शुक्रवारी दुपारी नेहाला आत कोंडून बादली बडवायला सांगितली. आम्ही बाहेर कान लावून उभे. एक ठोका ऐकू येईना. मियाँ लग्नघरातल्या वरबापासारखे मिरवू लागले. पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांनी स्वतः पुसून ठेवली होती, तीवर रुमालही टाकला होता.

नेहा घामाघूम होऊन बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘चाचा, आत बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. मग सायरन कसा ऐकणार?’’

 इतकी पक्की खोली बंद केली होती की सायरन वाजला तरी आतल्या पोरांना कळलं नसतं. आता पट्ट्या काढाव्यात तर ढोल रस्त्यावर ऐकू जाणार. अस्रची, दुपार कलल्याची नमाज झाली होती, पोरं सरबत घेऊन जिना उतरत होती.

‘‘मी थांबतो बाहेर,’’ मी म्हटलं.

‘‘तुमी?’’ मियाँनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुमाला अॅम्ब्युलन्स कळत नाय.’’ मग ते आत गेले, खुर्चीवरचा रुमाल उचलून खांद्यावर टाकला आणि बाहेर येऊन उभे राहिले. ‘‘यल्ला, चला, बसा आत. मी आहे.’’

कार्यक्रम झाला. गाण्यातलं मला फारसं कळत नाही, त्यातून भाषा अरबी. पण इद्रिसने डोळे मिटून सूर लावला आणि ताहिरचा ढोल गाद्यांमधून छातीत शिरला, तेव्हा कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मी सायरनची वाट बघत नव्हतो. नेहाच्या वर्गातल्या मुली रडत होत्या. समोरची खुर्ची रिकामीच होती. तिच्यावर कुणी बसलं नाही.

शेवटचं गाणं चालू असताना मला राहवेना. दार किलकिलं करून बाहेर सटकलो आणि झटकन ओढून घेतलं. मियाँ जिन्याकडे कान देऊन उभे होते, डावा कान, सायरनसाठी. उजवा तळवा मात्र दारावर सपाट टेकलेला. मी दार उघडलं तेवढ्यापुरता त्यांनी तो उचलला असेल, परत तिथेच ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी तो हात काढला नाही.

‘‘काही ऐकू येतं का?’’ मी विचारलं.

‘‘काय नाय,’’ मियाँ म्हणाले. ‘‘काम पक्कं झालंय. पण ठोका येतो हाताला. धाकट्याचा डावा हात चांगलाय.’’

शनिवारी पोरं गेली. रविवारी वॉर्डातला एसी बिघडला म्हणून मियाँना बोलावलं. ते दारात आले, मान कलती केली आणि तसेच थांबले. पेशंट, नर्स, मी, सगळे टाळीची वाट बघत होतो.

‘‘काय झालं, मियाँ?’’

त्यांनी उजवा हात मुठीत मिटून खिशात घातला.

‘‘आज नको, साहेब,’’ ते म्हणाले. ‘‘अजून आहे हातात.’’